ट्रकचा एक्सलेटर सेन्सर "सेट" करायचा म्हणजे नेमकं काय करायचं

नागपूरजवळ वाडीत नाहीतर कापसीला कोणत्याही गॅरेजसमोर थोडा वेळ उभं राहा, एक वाक्य कानावर येणारच, "भाऊ, गाडी रेस घेऊन नाही राहिली." त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं, "एक्सलेटरचा सेन्सर सेट करा लागते." आता हे सेट करणं म्हणजे काय, कोणता स्क्रू फिरवायचा, किती फिरवायचा, असं विचारलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, आजच्या बहुतेक ट्रकमध्ये असा स्क्रूच नसतो. सेट करायचं काम असतं, पण ते पेचकसनं होत नाही, मीटरनं होतं. आणि ज्या पायडलला बदलायला काढलं जातं त्यातली बरीच पायडलं चांगली असतात, बिघाड दुसरीकडंच असतो, मालकाचा पैसा जातो आणि आठवड्यानं गाडी परत त्याच तक्रारीसाठी उभी. हे टाळता येतं, फार अवघड नाही, फक्त आत काय चाललंय हे एकदा नीट समजून घ्यावं लागतं.

गोंधळ जुन्या गाड्यांपासून सुरू होतो. तेव्हा पायडलखालून लोखंडी रॉड नाहीतर केबल निघायची आणि थेट डिझेल पंपाच्या गव्हर्नरच्या लिव्हरला जायची, पाय दाबला की लिव्हर हलला, पंपाच्या आत रॅक सरकला, डिझेल वाढलं, संपला विषय. आयडलचा, म्हणजे पाय न लावता इंजिन जितकं फिरतं त्याचा, एक स्क्रू, मॅक्झिममचा एक स्क्रू, मॅक्झिममवाल्याला शिशाचं सील. पंपवाले मिस्त्री नुसत्या आवाजावरून आयडल लावून द्यायचे आणि खरंच सुंदर लावायचे. मग देशभर प्रदूषणाचे नवे नियम म्हणून १ एप्रिल २०१७ पासून बीएस ४ आलं, १ एप्रिल २०२० पासून बीएस ६, आणि कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच दाबाच्या पाइपमधून डिझेल देणारी पद्धत), ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) हे सगळं जड गाड्यांमध्येही सर्रास झालं. आता पायडल आणि इंजिन यांच्यामध्ये लोखंडाचं काही राहिलं नाही, फक्त चार-सहा बारीक वायरी. गाडी बदलली पण हात तेच, स्क्रू शोधणारे.

त्यात भर पडते ती मोबाईलवरच्या व्हिडिओंची. अमेरिकेतल्या डॉज पिकअपमध्ये १९९८ ते २००२ च्या दरम्यान कमिन्सचं ५.९ लिटरचं २४ व्हॉल्व्हवालं डिझेल इंजिन यायचं, त्यात पायडलपासून केबलच यायची पण ती पंपाला न जाता इंजिनच्या बाजूला बसवलेल्या सेन्सरला यायची. त्या सेन्सरवर कंपनीनं आयडलचं व्होल्टेज लेबलवर लिहिलेलं असायचं, आणि लोक सेन्सरचे स्क्रू ढिले करून, तो थोडा थोडा फिरवून, मीटरवर ते लेबलवालं व्होल्टेज आलं की घट्ट करायचे. हे त्या गाडीसाठी बरोबर आहे. पण तो व्हिडिओ बघून कोणी आपल्या कोळशाच्या डंपरचं पायडल खोलायला बसला तर आत फिरवायला काहीच सापडणार नाही, सेन्सर पायडलच्याच प्लास्टिकच्या डब्यात बंद असतो आणि तो डबा फोडला की पायडल गेलं.

आता डब्यात काय असतं ते बघू, कारण सगळी गंमत इथंच आहे.

ईसीएम सेन्सरला ५ व्होल्ट देतो. ट्रक २४ व्होल्टचा असला तरी सेन्सरला पाचच, हे लक्षात ठेवा. एक वायर पाच व्होल्टची, एक अर्थची म्हणजे निगेटिव्हची, आणि एक सिग्नलची, म्हणजे पायडल किती दाबलं ते सांगणारी. पायडल जसं खाली जातं तसं सिग्नलचं व्होल्टेज बदलतं. जुन्या प्रकारात आत कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून एक बारीक काटा घासत जातो, नव्या प्रकारात चुंबक असतं आणि हॉल सेन्सर ते न शिवता वाचतो, म्हणून त्यात घासण्याची भानगड नाही. कार्बनवाल्याची पट्टी सगळीकडं सारखी झिजत नाही. ड्रायव्हरचा पाय दिवसभर जिथं असतो तिथंच ती झिजते, म्हणजे अगदी सुरुवातीला आणि हायवेवर एका चालीत चालताना पाय जिथं टेकलेला राहतो तिथं. म्हणून झिजलेल्या पायडलची तक्रार पण तशीच येते, उचलताना झटका, नाहीतर साठच्या स्पीडला गाडी उगाच हुंदके देते, बाकी सगळं ठीक.

साधारणपणे पाय न लावता सिग्नल पाऊण व्होल्टच्या आसपास असतो आणि पूर्ण दाबल्यावर पावणेचारच्या आसपास. आकडे कंपनीप्रमाणे थोडे इकडं तिकडं होतात, तुमच्या गाडीचे नेमके आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्येच मिळतील. पण शून्यापासून पाचपर्यंत का नाही, पाऊणपासून का सुरू, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. उत्तर असं की वायर तुटली तर व्होल्टेज शून्य होतं, आणि सिग्नलची वायर पाचवाल्या वायरीला चिकटली तर ते पाचच्या जवळ जातं. मग निरोगी पायडल शून्यालाही जात नाही आणि पाचलाही जात नाही असंच बनवलं की ईसीएमला लगेच कळतं, शून्य दिसतंय म्हणजे पाय काढलेला नाही, वायर तुटलेली आहे. किती साधी युक्ती आहे बघा, आणि तिच्यावर किती जीव अवलंबून आहेत.

तेवढ्यावर भागत नाही म्हणून असे सेन्सर एक नाही, दोन असतात, एकाच डब्यात. दोघांना वेगळे पाच व्होल्ट, वेगळा अर्थ, वेगळा सिग्नल, म्हणून बहुतेक पायडलच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमध्ये, सहा पिना दिसतात. दुसऱ्याचा सिग्नल बऱ्याच गाड्यांमध्ये पहिल्याच्या बरोबर निम्मा ठेवलेला असतो. पहिला ०.७५ तर दुसरा ०.३७ च्या आसपास, पहिला २.२५ तर दुसरा १.१२, पहिला ३.७५ तर दुसरा १.८७. खाणीच्या काट्यावर कोळशाची गाडी मोजतात आणि कोराडीच्या पॉवर हाऊसच्या काट्यावर परत मोजतात, दोन्ही वजनं जुळली तरच पुढचं काम, तसंच ईसीएम सेकंदाला कित्येक वेळा हे दोन सिग्नल जुळवून बघत असतो. पहिला म्हणतो अर्धं दाबलंय आणि दुसरा म्हणतो पाव, तर ईसीएम दोघांपैकी कोणावरच पूर्ण भरवसा ठेवत नाही, रेस कमी करतो नाहीतर बंदच करतो. काही गाड्यांमध्ये दुसरा सिग्नल उलटा असतो, पहिला वाढला की दुसरा कमी होतो. काहींमध्ये दुसऱ्याच्या जागी एक साधा खटका असतो, पाय आहे की नाही एवढंच सांगणारा, त्याला आयडल स्विच म्हणतात. तिन्ही प्रकारांचा हेतू एकच, बिघडलेल्या सेन्सरमुळं चाळीस टनाची गाडी आपोआप धावायला लागू नये.

लिंप मोड म्हणतात तो हाच. पायडलवरचा भरवसा उडाला की ईसीएम इंजिन बंद करत नाही, आयडलपेक्षा थोडी जास्त अशी एक ठराविक रेस धरून ठेवतो, म्हणजे गाडी निदान बाजूला तरी घेता यावी. ड्रायव्हरला वाटतं गाडीनं दगा दिला, खरं म्हणजे गाडीनं त्याला सांभाळलेलं असतं.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या, पायडल आता डिझेल देत नाही, फक्त मागणी करतं. द्यायचं की नाही, किती द्यायचं, ते ईसीएम ठरवतो आणि ठरवताना बाकी पण बरंच काही बघतो. टर्बोची हवा किती येतेय, इंजिन किती गरम आहे, डीईएफ म्हणजे धूर साफ करायला लागणारा युरिया संपला आहे का, ब्रेक दाबलेला आहे का, स्पीड लिमिट गाठली का. नव्या मालवाहू गाड्यांना २०१५ पासून ताशी ८० किमीचा स्पीड गव्हर्नर सक्तीचा आहे, आणि डंपर-टँकरसारख्या गाड्यांना ६० चा. तर डंपर ६० च्या पुढं जात नाही ही सेन्सरची तक्रार नाही, तो कायदा आहे. युरियाचा दिवा लागलेला असताना गाडी घाटात मरते ही पण सेन्सरची तक्रार नाही. ब्रेकचा स्विच अडकून राहिला आणि ईसीएमला वाटलं की ब्रेक आणि एक्सलेटर दोन्ही दाबलेत, तर बऱ्याच गाड्यांमध्ये तो ब्रेकचं ऐकतो आणि रेस कापतो, तेव्हा एकदा मागं जाऊन ब्रेकलाइट पाय काढल्यावर विझते का ते बघा, हेल्परला सांगितलं तरी एक मिनिटाचं काम.

म्हणून पायडलवर आळ घेण्याआधी स्कॅनर, म्हणजे ईसीएममधली माहिती वाचणारं यंत्र, लावून चालू डेटा बघायचा. फक्त बिघाडाचे कोड वाचून स्कॅनर काढून घेणारे बरेच आहेत, त्यांना सांगा की दादा, लाइव्ह डेटा दाखवा, पायडलची टक्केवारी दाखवा. चाबी ऑन, इंजिन बंद, पाय बाजूला, शून्य दिसलं पाहिजे. सावकाश दाबत जा, आकडा पायाबरोबर न अडखळता चढला पाहिजे आणि शेवटी शंभर किंवा शंभरच्या अगदी जवळ गेला पाहिजे. सोडताना तसाच उतरून शून्य. एवढं जर व्यवस्थित होत असेल, पायडल हलवून, कपलर हलवून, दोन-तीनदा करूनही व्यवस्थित होत असेल, तर पायडलला हात लावू नका. डिझेल फिल्टर बघा, टर्बोचा पाइप कुठं फाटलाय का बघा, एअर क्लीनर बघा. कोराडी, खापरखेड्याच्या राखेच्या आणि कोळशाच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांचा एअर क्लीनर कसा होतो ते इथल्या लोकांना मी सांगायची गरज नाही.

आकडा अडखळत असेल, मध्येच शून्याला पडत असेल, किंवा पाय न लावता सहा-आठ टक्के दाखवत असेल, तर मग मीटर काढा. चांगला डिजिटल मल्टिमीटर सीताबर्डीवर कुठंही मिळतो, फार महागातला लागत नाही. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक लावलेला, चाकाला लाकूड, गिअर न्यूट्रल. कपलर काढायचा नाही, लावलेला असतानाच मागच्या बाजूनं, वायर जिथं कपलरमध्ये शिरते तिथून बारीक पिन आत सरकवून मोजायचं. वायरीचं आवरण टोचून मोजणारे मिस्त्री मी रोज बघतो आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो, त्या बारीक भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि वायर आतल्या आत हिरवी होऊन सडते, सहा महिन्यांनी बिघाड येतो आणि कोणाला कळत नाही कुठून आला. टेस्ट लॅम्प तर अजिबात लावू नका, ईसीएमच्या बारीक सर्किटला त्या बल्बचा लोड नको.

पहिलं मोजायचं ते पाच व्होल्ट, सिग्नल नाही. लाल पिन पाचवाल्या वायरीवर, काळी सेन्सरच्याच अर्थवर, चेसिसवर नाही. ५ च्या अगदी जवळ आलं पाहिजे. दोन्ही सेन्सरचं वेगवेगळं बघा. आलं नाही तर लगेच पायडल मेलं असं म्हणू नका, कारण बऱ्याच गाड्यांमध्ये तेच पाच व्होल्ट दुसऱ्या एखाद्या सेन्सरलाही गेलेले असतात, आणि इंजिनवरचा कुठला तरी प्रेशर सेन्सर आतून शॉर्ट झाला की तो सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली ओढतो. लक्षण पायडलचं दिसतं, चोर इंजिनवर बसलेला असतो. अशा वेळी मीटर पाच व्होल्टवर लावून ठेवायचा आणि त्या लाइनवरचे सेन्सर एक एक करून काढायचे, ज्याचा कपलर काढल्यावर पाच व्होल्ट परत आले तो दोषी. स्कॅनरमध्ये एसपीएन (बिघाड कोणत्या भागात ते सांगणारा नंबर) ३५०९ किंवा ३५१० असा कोड असेल तर तो सप्लायचाच असतो, आधी तिकडंच बघा.

दुसरं, अर्थ. लाल पिन सेन्सरच्या अर्थ वायरीवर, काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर, चाबी ऑन. इथं जवळपास काहीच यायला नको, ०.१ व्होल्टच्या आत. याला लोक महत्त्व देत नाहीत आणि खरी गोम बऱ्याचदा इथंच असते. समजा अर्थमध्ये कुठंतरी गंजलेला जोड आहे आणि तिथं ०.३ व्होल्ट अडकलेत, तर पाय न लावतासुद्धा सिग्नल पाऊणच्या जागी एकच्या आसपास दिसणार. ईसीएमला वाटणार पाय थोडा ठेवलेला आहे. आयडल चढतो, कधी गाडी बंद करून चालू केली की उतरतो, मिस्त्री पायडल बदलतो, नवीन पायडलही तेच करतं कारण अर्थ तोच. आता या गाडीत सेन्सर "सेट" करायचा म्हणजे काय करायचं, तर तो एक जोड साफ करायचा.

तिसरं मग सिग्नल. पाय काढून किती, हळूहळू दाबत किती, पूर्ण दाबून किती, दोन्ही सिग्नलचं. इतकं हळू दाबा की कंटाळा आला पाहिजे, कारण झिजलेली जागा केसाएवढी असते आणि भसकन दाबलं तर मीटरवर दिसतच नाही. डिजिटल मीटर थोडा मागं राहतो, जुना काट्याचा मीटर घरात पडला असेल तर इथं तो जास्त कामाचा, काटा झटकन पडून वर आलेला डोळ्याला दिसतो. मग पायडल अर्ध्यावर धरून हेल्परला वायर हलवायला सांगा, कपलरपासून सुरू करून फायरवॉलपर्यंत (कॅबिन आणि इंजिन यांच्यामधला पत्रा) आणि तिथून पुढं. ज्या कॅबिन पुढं पलटतात त्यांचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कॅबिनच्या बिजागराजवळ दर वेळी वाकतो, वरून वायर धडधाकट दिसते आणि आत तांब्याच्या तारा तुटलेल्या असतात, त्या जागेवर विशेष लक्ष द्या. कॅबिन पलटवली की कोड जातो आणि बसवली की येतो, असं असेल तर दुसरीकडं शोधायचं कामच नाही.

आपल्याकडं दोन सवयी पायडलच्या जिवावर उठतात. एक म्हणजे कॅबिन आतून पाइप लावून धुणं, पायडलचा कपलर खाली पायाशी असतो, पाणी तिथंच साचतं. दुसरी म्हणजे काळ्या टेपचा जोड. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढं जातो, बंद उभ्या कॅबिनमध्ये त्याहून कितीतरी जास्त, त्या उष्णतेत टेपचा गोंद वितळून टेप सरकतो आणि जोड उघडा पडतो. या वायरींमधून जाणारा करंट इतका कमी असतो की जरासा गंज पण सिग्नल बदलून टाकतो. जोड करावाच लागला तर सोल्डर, वरून गरम करून आवळणारी स्लीव्ह, आणि जोड हलणार नाही असा बांधलेला. कपलर हिरवा पडला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, सँडपेपर घासू नका, पिनेवरचा मुलामा निघाला की ती दुप्पट वेगानं गंजते. पिना ढिल्या झाल्यात का तेही बघा.

स्पीड गव्हर्नर बाहेरून बसवलेला असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावर जातो. इलेक्ट्रॉनिक पायडलच्या गाडीत बाहेरचा गव्हर्नर पायडलच्या सिग्नल वायरी कापून मध्ये बसवतात, म्हणजे पायडल त्याला सांगतं आणि तो ईसीएमला सांगतो. त्याच्या जोडात गडबड असली की दोन सिग्नलचं गणित बिघडतं. "पिकअप बूस्टर" म्हणून जे डबे विकतात तेही हेच करतात, थोडं दाबलं तर जास्त दाबल्याचं ईसीएमला सांगतात. त्यानं इंजिनची ताकद एका घोड्यानंही वाढत नाही, पूर्ण दाबलेलं पायडल आधीही शंभर टक्केच होतं, वर एक जास्तीचा बिघडू शकणारा डबा गाडीत येतो. गव्हर्नर काढून टाका असं मी म्हणत नाही, ते बेकायदेशीर आहे आणि कोणाच्या तरी जिवावर बेतू शकतं, जोड त्याच्याच अधिकृत माणसाकडून नीट करून घ्या.

बाकी कोडबद्दल थोडक्यात. जड ट्रकमध्ये पायडलचा कोड बहुतेक एसपीएन ९१ असतो आणि त्याच्यापुढं एफएमआयचा, म्हणजे बिघाड कोणत्या प्रकारचा ते सांगणारा, आकडा. लोक ९१ बघतात आणि पुढचा आकडा सोडून देतात, खरी माहिती त्यातच आहे. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त येतंय, ४ म्हणजे कमी येतंय, २ म्हणजे येतंय पण पटत नाही. ४ असेल तर तुटलेली वायर, निसटलेला कपलर, गेलेले पाच व्होल्ट शोधा. ३ असेल तर शॉर्ट शोधा नाहीतर तुटलेला अर्थ, कारण अर्थ तुटला की सिग्नल वर चढतो. २ असेल तर झिज, ओलावा, ढिली पिन. एसपीएन ५५८ हा आयडल स्विचचा. लहान पिकअप, छोट्या टेम्पोंमध्ये पी वाले कोड येतात, पी २१२२ आणि पी २१२७ कमी व्होल्टेजचे, पी २१२३ आणि पी २१२८ जास्तीचे, आणि पी २१३८ म्हणजे दोन सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत. कोड पुसण्याआधी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, किती वेळा आला तो आकडा पण त्यात दिसतो.

आता प्रत्यक्ष सेटिंग, म्हणजे ईसीएमला शून्य शिकवणं.

दोन पायडलं कधीच अगदी सारखी नसतात, एकाचं आयडल ०.७२ तर दुसऱ्याचं ०.७८. ईसीएम एका मर्यादेच्या आत जे सगळ्यात कमी व्होल्टेज बघतो त्याला शून्य मानतो आणि वरच्या टोकाला शंभर. जुनं पायडल काढून नवीन लावलं की त्याला ही दोन्ही टोकं परत दाखवावी लागतात. बऱ्याच गाड्यांमध्ये पद्धत साधारण अशी असते की चाबी बंद करून मिनिटभर थांबायचं, मग पाय पायडलपासून पूर्ण लांब ठेवून चाबी ऑन करायची, इंजिन चालू करायचं नाही, दोन-चार सेकंद थांबून पायडल सावकाश तळापर्यंत दाबायचं, क्षणभर धरायचं, सावकाश सोडायचं, असं तीनदा, मग चाबी बंद, परत थोडं थांबून गाडी चालू. काही गाड्यांमध्ये हे स्कॅनरमधूनच करावं लागतं, काहींमध्ये काहीच करावं लागत नाही, ईसीएम चालता चालता शिकतो. तुमच्या मॉडेलला काय लागतं ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. पण सगळ्यांना लागू असलेली एक गोष्ट म्हणजे चाबी फिरवताना पाय पायडलवर नको. कित्येक ड्रायव्हर जुन्या सवयीनं पाय ठेवूनच चाबी लावतात, काही गाड्यांमध्ये त्यानंच कोड येतो.

आणि हे शिकवण्याच्या आधी पायडल खरंच पूर्ण वर येतं आणि खरंच पूर्ण खाली जातं का ते बघा. इथं मात्र हातानं करायचं काम आहे. पायडलच्या सांध्यात चिखल, राख, सुपारीची पुडी, खडा, काय काय सापडतं. स्प्रिंग कमजोर झालेली असते. खाली जाड मॅट, तिच्यावर अजून एक मॅट, तिच्यावर घरून आणलेली सतरंजी, आणि पायडल पंच्याऐंशी टक्क्यांवरच टेकतं, मग ड्रायव्हर म्हणतो लोड घेऊन चढत नाही. मॅट काढली की गाडी चढते. काही गाड्यांमध्ये पायडलखाली फ्लोअरवर एक स्टॉप बोल्ट असतो, ज्यांना स्क्रू फिरवायचाच आहे त्यांच्यासाठी हा खरा स्क्रू. तो असा लावायचा की स्कॅनरवर शंभर टक्के आल्यावर पायडल अगदी थोडंसं अजून जाऊन बोल्टवर टेकलं पाहिजे. बोल्ट फार वर असेल तर शंभर येणारच नाही. फार खाली असेल तर ड्रायव्हरच्या पायाचा सगळा जोर सेन्सरच्या प्लास्टिकवर येतो आणि महिन्या-दोन महिन्यात डबा तडकतो. पायडलचे माउंटिंग बोल्ट ढिले असतील तरी हेच दुखणं, ते आधी आवळा.

सेन्सरची भोकं कानस मारून लांब करणं, सिग्नलच्या वायरीत रेझिस्टन्स टाकून आकडा "आणणं", हे करू नका, कोणी करून देत असेल तर हात धरा त्याचा. दोन सिग्नलची पडताळणी ठेवली आहे ती माणसं वाचवायला. एका सिग्नलला फसवलं की पडताळणी फसते, आणि उद्या पायडल अडकलं तर ईसीएमला कळायचा मार्गच उरत नाही. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तेव्हा बॅटरी आणि ईसीएमचे कपलर काढून ठेवा, गाडीच्या पुस्तकात ते लिहिलेलंच असतं, वेल्डिंगचा करंट अर्थमधून फिरून ईसीएम आणि सेन्सर जाळू शकतो.

रस्त्यातच रेस गेली तर काय, हे ड्रायव्हर भावांसाठी. अमरावती रोडवर तळेगावच्या सत्याग्रही घाटात नाहीतर समृद्धीवर मधोमध पायडल मेलं तर सगळ्यात आधी चालत्या गाडीत चाबी बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची हवा भरणं थांबतं. इंडिकेटर सगळे लावा, उरलेल्या रेसवर खालच्या गिअरमध्ये गाडी डावीकडं घ्या, पूर्ण थांबा, हँडब्रेक, चाकाला लाकूड, मागं त्रिकोण. मग चाबी बंद करून मिनिटभर थांबा, पायडलखाली काही अडकलंय का बघा, कपलर निसटलाय का बघून घट्ट बसवा, पाय लांब ठेवून चाबी लावा. ढिल्या जोडाची भानगड असेल तर गाडी बहुतेक वेळा उचलते. उचलली म्हणजे बरी झाली असं नाही, पुढच्या गॅरेजपर्यंतची मुदत मिळाली एवढंच, मालकाला फोन करून सांगा, आणि मालकांनीही ऐका, "माल खाली करून ये मग बघू" म्हणू नका, भरलेली गाडी चढावर दुसऱ्यांदा थांबली तर मागच्याचं काय होईल याचा विचार करा.

सगळं मोजून पायडलच खराब निघालं तर घेताना फक्त आकार बघून घेऊ नका. दिसायला जुळी पायडलं असतात, कपलर पण तोच बसतो, पण एकाचा दुसरा सिग्नल निम्मा आणि दुसऱ्याचा उलटा, बीएस ४ चं वेगळं आणि बीएस ६ चं वेगळं असू शकतं. जुन्यावरचा पार्ट नंबर फोटो काढून दुकानात दाखवा, शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. बसवण्याआधी नवीन पायडल हातात धरूनच कपलरला लावा, चाबी ऑन करून हातानं दाबून सहाही वायरींचे आकडे मोजा, बरोबर आले तरच बोल्ट आवळा. आणि ते आकडे, पाय काढून किती, अर्ध्यावर किती, पूर्ण दाबून किती, दोन्ही सिग्नलचे, तारखेसकट गाडीच्या डायरीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी तक्रार आली की मिस्त्री कोणीही असो, त्याला जुळवून बघायला काहीतरी हातात असेल.